शोभेची दारू

'दारू' हा शब्द आपण फारशींतून घेतला. तेथें त्याचा मूळ अर्थ औषध, आणि 'दवादारू' या जोडशब्दांत तो अर्थ आपल्याकडेहि अजून जिवंत आहे. पुढें त्याच शब्दानें आपण मद्यास हाक मारूं लागलों, आणि तोफेंत ठासावयाच्या काळ्या भुकटीसहि तेंच नांव दिलें. रोग बरा करणारी, शुद्ध हरपविणारी आणि जीव घेणारी अशा तीन वस्तूंस एकच शब्द पुरविल्यानंतर चौथीसाठीं मात्र मराठीस एका विशेषणाची जोड द्यावी लागली, व ती तिनें मोठ्या रसिकतेनें दिली. शोभेची दारू! मारण्यासाठीं नव्हे, पिण्यासाठीं नव्हे, केवळ पाहण्यासाठीं. परंतु या विशेषणानें आपली एक सोयहि करून ठेविली आहे. शोभेची म्हटली कीं ती निरुपद्रवी झाली असें आपणांस वाटूं लागतें. पाहणारास ती बहुधा तशी असतेहि. करणारास ती केवळ दारूच असते.

दारूकामाविरुद्ध आजवर कोणी बोललें नाहीं असें नाहीं. आमच्या अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा कर्ज काढून सण व लग्नें साजरीं करणारांस आपल्या कीर्तनांतून जन्मभर खडसावीत आले, आणि वरातीचा दिमाख हा त्या कर्जाचाच एक भाग असे. अलीकडे वैद्य लोक धुराविषयीं बोलतात. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत मोठ्या आवाजाचे फटाके वाजविण्यास मनाई केली, आणि २०१८ सालीं कमी धुराचे, ज्यांस 'हिरवे' म्हणतात असे, फटाकेच विकावे असा निर्णय दिला. हे सर्व आक्षेप रास्त आहेत. त्यांपैकीं एकाशींहि माझें भांडण नाहीं. पण ते सगळे पाहणाराच्या बाजूचे आहेत. त्याची थैली, त्याचीं फुप्फुसें, त्याचे कान. ज्याच्या हातून ती वस्तु घडते तो या वादांत बहुधा कोठेंच उभा नसतो. मला विचारावयाचें आहे तें त्याच्याविषयीं. क्षणभर डोळे निववावे एवढ्यासाठीं जी वस्तु आपण मागवितों, ती करतांना दुसऱ्याचा जीव टांगणीस लागत असेल, तर त्या आनंदावर आपला हक्क कितपत?

करणाराचें हें विस्मरण आजचें नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील विद्वान् परशुराम कृष्ण गोडे यांनीं १४०० ते १९०० या पांच शतकांतील हिंदुस्थानच्या दारूकामाचा इतिहास लिहिला. तो १९५३ सालीं बंगलोरास प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूकडे कोणी इतिहास म्हणून पाहत नाहीं तिचाच माग काढावा, ही गोड्यांची हौस. त्यांनीं दाखविलें आहे कीं, ओरिसाचा गजपति राजा प्रतापरुद्रदेव याच्या नांवावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथांत सोळाव्या शतकाच्या सुमारासच नाना प्रकारचे बाण व चंद्रज्योती करण्याच्या कृति दिलेल्या आहेत. सोरा, गंधक, कोळसा आणि पोलादाची पूड हें साहित्य तेंच, जें पुढें आमच्या बाळापुरास मीं पाहिलें. एकनाथांनीं 'रुक्मिणीस्वयंवरां'त दारूकाम उडविलें आहे. द्वापरयुगांत दारू कोठून आली हा प्रश्न नाथांस पडला नाहीं. भोंवतीं जशीं लग्नें दिसत, तसेंच त्यांनीं देवाचें लाविलें. १६०९ सालीं विजापूरच्या इब्राहिम आदिलशहानें मलिक अंबराच्या मुलाचें लग्न आपल्या एका सरदाराच्या कन्येशीं लावून दिलें, तेव्हां एकट्या दारूकामावर ऐंशीं हजार रुपये खर्ची पडले असें नमूद आहे.

पण या सगळ्यांत मला पेशव्यांच्या बखरींतील 'दारूची लंका' फार आठवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांनीं तरुण सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचें वर्णन सांगितलें. तेथील राजा शहराबाहेर दारूची लंका रचवितो. मध्यें रावण, भोंवतीं राक्षस व वानर, आणि एक मोठा मारुती, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीस बत्ती दिली कीं तो उड्डाण करतो आणि लंकेंतील घरामागून घर पेटवीत जातो. श्रीमंतांस तें पाहण्याची इच्छा झाली. महादजींनीं पुण्यास तशी लंका रचविली, आणि पेशव्यांनीं सरदारांसह पर्वतीवरून ती जळतांना पाहिली. खालीं सारें शहर लोटलें होतें. या हकीगतींत यजमान आहे, पाहुणा आहे, प्रेक्षक आहेत, आणि जळणारे राक्षसहि आहेत. त्या राक्षसांच्या पोटांत दारू भरीत जे कित्येक दिवस बसले असतील, तेवढेच काय ते नाहींत. लंका जळाली म्हणून लिहिणारास ती कोणी बांधली हें लिहिण्याचें कारण वाटलें नाहीं.

त्यांचा शोध घ्यावयाचा तर बखरी सोडून जातींच्या याद्यांकडे वळावें लागतें. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींवर १९१६ सालीं चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कडेरा नांवाच्या एका लहानशा जातीची नोंद आहे. धंदा दारूकामाचा, मूळ बुंदेलखंडाचें, आणि दुसरीं नांवें गोलंदाज, बाणदार, हवाईदार. नांवांतच त्यांचा सारा इतिहास सांठविलेला आहे. पूर्वी हे लोक राजेरजवाड्यांच्या फौजांसाठीं दारू कुटीत व तोफा डागीत. फौजा मोडल्या, तोफा थंडावल्या, तेव्हां तेच हात भुईनळे भरूं लागले. हिंसेचें शोभेंत असें रूपांतर व्हावें ही गोष्ट तरुणपणीं मला फार मनोहर वाटे. आतां तितकीशी वाटत नाहीं. शत्रु उरला नाहीं म्हणून दारूचा स्वभाव पालटत नाहीं. ती मग जो सर्वांत जवळ असतो त्याच्यावर उलटते.

वऱ्हाडास दारूचा वास जुना आहे. नरनाळ्यावर नऊगजी तोफ अजून पडली आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोल्याच्या उत्तरेस अडगांवच्या मैदानांत भोसल्यांचा मोड झाला आणि १५ डिसेंबरास गाविलगडाची तटबंदी इंग्रजांच्या तोफांनीं पाडली. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातींत जणूं चांदी पिकूं लागली. अमरावती, अकोला, खामगांव येथील पेठा या काळांत फुलल्या. हातीं पैसा आला कीं तो आधीं वरातींत दिसतो. दारूकामास लागणारा कोळसा तर येथें घरोघरीं होता; तुरीच्या तुराट्यांचा कोळसा हलका व चटकन् पेटणारा म्हणून दारूसाठीं चांगला समजला जाई. कापसाच्या प्रांतांत ठिणगीची हौस असावी, ही मात्र मोठी चमत्कारिक गोष्ट खरी. ज्या जिनाच्या आवारांत विडी ओढणारास धक्के मारून बाहेर काढीत, त्याच जिनाच्या मालकाच्या वरातींत सर्वांत मोठीं झाडें उडत.

माझे वडील अकोल्याच्या कापूसबाजारांत अडत्ये होते. १९५६ सालच्या उन्हाळ्यांत माझ्या थोरल्या बहिणीचें लग्न ठरलें, तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. दारूकामाचें सांगावयास ते बाळापुरास गेले व मला बरोबर नेलें. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला आहे. नदीकांठीं मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. वस्तीपासून दूर, नदीच्याच अंगास, त्या आतिषबाजाची झोपडी होती. सारें बाळापूर त्यांस चाचा म्हणे, म्हणून आम्हीहि चाचाच म्हणत असूं. झोपडीसमोर निंबाच्या सावलींत कुंभाराकडून आणलेलीं लहान मातीचीं बोळकीं उन्हांत उलथीं घातलेलीं होतीं, भुईनळ्यांचीं. एका बाजूस तुराट्यांचा कोळसा, दुसरीकडे बिडाचा कीस. सोनेरी फुलें पडतात तीं त्या किसाचीं, हें मला तेव्हां कळलें व माझा मोठा विरस झाला. चाचांचा चौदा-पंधरा वर्षांचा पुतण्या आणि माझ्याच वयाचा मुलगा कागदाच्या नळ्या गुंडाळीत बसले होते. चाचांच्या अंगावर भाजल्याचा एकहि डाग नव्हता. तीस वर्षें हा धंदा करीत असल्याचें ते अभिमानानें सांगत, आणि दिवे लागल्यावर दारूस हात लावीत नसत.

सौदा दीडशें रुपयांपासून सुरू झाला. वडिलांनीं तो एकशेंदहावर आणिला. अडत्याच्या जन्मास आलेल्या माणसानें पहिल्या भावास रुकार देणें हा त्या काळीं जवळजवळ दुर्गुण समजला जाई, आणि वडिलांच्या मनांत दुष्टावा तिळमात्र नव्हता. वर त्यांनीं दोन झाडें जास्त मागितलीं. आणखी एक अडचण होती: मुहूर्त अलीकडे आल्यामुळें माल आठ दिवस आधीं हवा होता. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेटजी, दोन झाडं जास्त, अन् आठ दिस कमी. हे दारू कोनाले वयखत नाई." वडील हंसले. विसार दिला. परत येतांना एस्. टी. त त्यांनीं मला चाळीस रुपये वांचल्याचें सांगितलें, आणि सौदा कसा करावा याचा तो माझा पहिला धडा झाला.

लग्नास चार दिवस उरले असतां बाळापूरचा माणूस आला. चाचा रात्रीं कंदिलाच्या उजेडांत काम करूं लागले होते. खलांत घोटतां घोटतां दारू भडकली. चाचांचे दोन्ही हात गेल्यासारखेच झाले. पुतण्या घोटीत होता, तो तिसऱ्या दिवशीं अकोल्याच्या दवाखान्यांत वारला. आमच्या घरीं मांडव पडला होता. मंगलकार्यांत हें कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. वरात नुसत्या बँडवर व गॅसबत्त्यांवर निघाली. दारूकाम नाहीं म्हणून व्याही मंडळी कुरकुरली, हेंच तेवढें माझ्या लक्षांत राहिलें.

त्यानंतर आमच्या घरीं फटाक्याची एक लडहि आली नाहीं. शेजारची मुलें दिवाळीच्या पहांटे लवंगी वाजवीत आणि आम्ही पणत्या मोजीत बसूं. वडील चिक्कू आहेत अशी माझी पंचवीस वर्षें खात्री होती. ते १९८१ सालीं वारले. तिजोरी आवरतांना एका फडक्यांत बांधलेले दीडशें रुपये निघाले, जुन्या नोटांचे. आईनें तें फडकें ओळखलें, आणि तेव्हां हा सारा प्रकार मला प्रथम नीट कळला. पुतण्या गेल्यावर वडिलांनीं दिवाणजींबरोबर चाचांकडे पूर्ण दीडशें रुपये पाठविले होते. चाचांनीं ते परत केले, विसाराचे वळते करण्यासाठीं आपल्या बायकोच्या कानांतलें मोडलें, आणि एवढाच निरोप धाडिला, "माल देल्ला नाई, त पयसे कायचे?"

हा प्रसंग मीं आजवर लिहिला नव्हता. आतां लिहिला तो वडिलांस दोष देण्यासाठीं नव्हे. त्यांच्या सौद्यांत गैर असें एकहि पाऊल नव्हतें. भाव दोघांच्या संमतीनें ठरला होता, कंदील चाचांनीं आपल्या हातानें लाविला होता. कोणत्याहि न्यायाधीशानें वडिलांस निर्दोष सोडलें असतें. तरीहि पंचवीस वर्षें तें फडकें तिजोरींत राहिलें, यावरून न्यायाधीशाच्या निकालानें त्यांचें समाधान झालें नसतें हें उघड आहे. कायद्याचा गुन्हा आणि मनाचें ऋण या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि दुसरी वही ज्याची तोच लिहितो.

यावर एक उत्तर नेहमीं तयार असतें कीं, कोणत्या धंद्यांत धोका नाहीं? कोळशाची खाण आहे, विहिरीचें खोदकाम आहे. आमच्याच शेजारीं यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर औषध फवारतां फवारतां वीसाहून अधिक माणसें विषबाधेनें मेलीं, आणि म्हणून कोणी कापसाचें वस्त्र टाकलें नाहीं. हें उत्तर फार जुनें आहे. महाभारताच्या वनपर्वांतील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणास असेंच सांगतो. नांगर चालला तरी जीव मरतात, पाऊल टाकलें तरी मरतात, मग हिंसेवांचून जगतो कोण? मी स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों, असेंहि तो म्हणतो. व्याधाच्या तोंडीं हें शोभतें, कारण त्याच्या बोलण्यांत आपल्या कर्माची जाणीव आहे व तिची टोंचणी आहे. आपल्या तोंडीं तेंच वाक्य टोंचणी घालविण्याचें औषध होऊन बसतें.

त्यावर कोणी म्हणेल, वस्त्र गरजेचें आहे, फटाका नाहीं. तेव्हां वस्त्रासाठीं पत्करलेला धोका क्षम्य आणि फटाक्यासाठींचा अक्षम्य. मला हा भेद तितकासा पटत नाहीं. गरजेच्या कांट्यानें तोलूं लागलों तर पतंग, गुलाल, पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या शिंगांस लावलेला बेगड, सारेंच निरर्थक ठरेल. ज्या फवारणी करणाराचा जीव धोक्यांत असतो त्याचें पोरहि दिवाळीस दोन टिकल्या दगडानें ठेंचतें, आणि त्या आवाजानें त्यास जो हर्ष होतो तो त्याच्या भाकरीइतकाच खरा असतो. खेळ व शोभा यांस माणसाच्या जीवनांतून वजा करून नीति उभारावयाची, ही मला तरी कंजूषपणाची नीति वाटते.

मला भेद दिसतो तो दुसरीकडे. एक धोका दारूच्या अंगचाच असतो. दुसरा आपण तींत बाहेरून मिसळतों. चाचा तीस वर्षें पहिल्या धोक्याबरोबर सुखानें नांदले. त्याची रीत त्यांस ठाऊक होती. केव्हां घोटावें, केव्हां थांबावें, दिवा किती दूर असावा. घात झाला तो दोन झाडें जास्त व आठ दिवस कमी यांनीं. हा दुसरा धोका आमच्या घरून गेला होता. सोरा-गंधकाइतकाच तोहि त्या खलांत पडला.

चाचांच्या काळीं एवढें तरी होतें कीं, गिऱ्हाइकास करणाराचें घर ठाऊक असे आणि त्याच्या घरावर काय ओढवलें तें चार दिवसांत त्याच्या कानीं येई. पुढें तो मार्गहि बंद झाला. तमिळनाडूंतील शिवकाशीच्या अय्या नाडर व षण्मुग नाडर या चुलतभावांनीं १९२३ च्या सुमारास कलकत्त्याहून आगपेट्यांची विद्या शिकून आणली. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी फटाक्यांची आवक तुटली, १९४० सालीं स्फोटक द्रव्यांचे नवे नियम होऊन परवान्याचे कारखाने निघाले, आणि पाहतां पाहतां हिंदुस्थानांतील फटाक्यांचा सुमारें नऊदशांश भाग त्या एका टापूंत होऊं लागला. तो टापूहि आमच्यासारखाच काळ्या मातीचा व कमी पावसाचा. फरक इतकाच कीं, पिकानें दगा दिला म्हणजे आमचा माणूस सावकाराकडे जाई, तिकडचा दारूच्या खोलींत जाऊन बसला. नळ्या भरणारे हात बहुतेक बायकांचे, मजुरी नगावर. दिवाळी जवळ आली कीं मागणी चढते, खोलींत ठरीव संख्येहून जास्त माणसें बसवितात, परवाना एकाचा असतो व खोल्या दुसऱ्यांस पोटभाड्यानें दिलेल्या असतात, नेमल्याहून अधिक माल एके ठिकाणीं रचला जातो. ५ सप्टेंबर २०१२ रोजीं शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथें अशाच एका कारखान्यांत सुमारें चाळीस माणसें जळून मेलीं. महिना पाहावा. दिवाळीस दोन महिने उरले होते.

हें सारें परमुलखांतलें म्हणून सोडून द्यावें तर तसेंहि नाहीं. धाराशिव जिल्ह्यांत तेरखेडा येथें शोभेच्या दारूचे लहान लहान कारखाने आहेत आणि तेथील स्फोटांच्या बातम्या अधूनमधून येत असतात. १ जानेवारी २०२३ रोजीं, लोक एकमेकांस नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असतां, बार्शी तालुक्यांतील फटाक्यांच्या कारखान्यांत स्फोट होऊन मजूर स्त्रिया दगावल्या. त्याच वर्षीं ८ डिसेंबरास पुण्याजवळ तळवडे येथें जी आग लागली ती वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या झगमगत्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास. तेथेंहि बहुतेक बायकाच गेल्या. कोणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसास ती मेणबत्ती लागणार होती.

आणि आम्हां विदर्भवासीयांस दूरपणाची सबब तर मुळींच नाहीं. देशांतील फटाक्यांच्या कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. कमी धुराच्या फटाक्याची कृति बसविणारी 'नीरी' ही संस्थाहि नागपूरचीच. अमरावतीस मी राहतों तेथें दिवाळीच्या आधीं मोकळ्या जागेंत पत्र्याच्या दुकानांच्या रांगा लागतात. दोन दुकानांत तीन मीटर अंतर असावें, एका जागीं पन्नासाहून जास्त दुकानें नसावीं, समोरासमोर तोंडें नसावीं, तेलाचा दिवा नसावा असे नियम आहेत, आणि अधिकारी टेप घेऊन तें अंतर मोजतांना मीं पाहिले आहेत. चांगलें आहे. जेथें आपण उभे असतों तेथें अंतर मोजलें जातें. कायदा करणारापर्यंत कधींच पोंचला नाहीं असेंहि नाहीं. शिवकाशीच्या आगपेट्यांच्या कारखान्यांतील मुलांवरून चाललेल्या खटल्यांत १० डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें धोक्याच्या धंद्यांत मूल ठेवणाऱ्या मालकानें प्रत्येक मुलामागें वीस हजार रुपये भरावे असा आदेश दिला. तो दंड मालकास. गिऱ्हाइकाचें नांव त्यांत येण्याचें कारण नव्हतें.

गिऱ्हाइकाचें नांव घेणारें एक स्थळ मला ठाऊक आहे, आणि तें अशा ग्रंथांत आहे कीं ज्याचा हवाला देतांना आज संकोच वाटावा. मनुस्मृतींतील बहुतेक समाजव्यवस्था आपण टाकून दिली, व टाकली हें योग्यच झालें. पण मांसाविषयीं बोलतांना त्या ग्रंथानें घातकांची जी यादी दिली आहे तींत मारणाऱ्याबरोबर संमति देणारा आहे, कापणारा आहे, विकणारा आहे आणि विकत घेणाराहि आहे. बाजाराच्या व्यवहारांत पाप कसें वाटलें जातें याची एवढी स्पष्ट फोड मला अन्यत्र आढळली नाहीं. पैसे टाकले कीं वस्तूशीं असलेला आपला संबंध वस्तूपासूनच सुरू होतो, तिच्या मागें कांहीं नाहीं, ही आजची समजूत त्या यादींत बसत नाहीं.

मग घेऊंच नये काय? वडिलांनीं तेंच केलें, आणि त्यांच्या व्रताविषयीं मला आदर आहे. परंतु त्या व्रतानें चाचांचें काय झालें हेंहि पाहिलें पाहिजे. शेटजींनीं दारूकाम सोडलें ही गोष्ट बाजारांत पसरली. कारण कोणास ठाऊक नव्हतें. त्या हाताचा माल अपशकुनी, असा त्याचा अर्थ लोकांनीं लाविला. हातांनीं अधू झालेले चाचा मुलास व शेजाऱ्यांस हाताशीं घेऊन पुन्हां धंदा उभारूं पाहत होते, पण त्यांच्याकडे वरातीचा माल सांगावयास कोणी येईना. आमच्या घरीं मौन पाळलें गेलें आणि त्याची किंमत पुन्हां त्याच झोपडीनें दिली. वडिलांनीं आपले हात स्वच्छ ठेवले. त्यांनीं दुसऱ्या लग्नांत पुन्हां चाचांकडेच जाऊन पूर्ण भाव व पूर्ण मुदत देऊन माल सांगितला असता, तर तें अधिक अवघड झालें असतें, व माझ्या मतें अधिक बरें. पण असें सांगणें मला सोपें आहे. तो पोरगा माझ्यामुळें मेला नव्हता.

गेल्या दिवाळींत मुलीकडे अकोल्यास गेलों होतों. नातीला फुलबाज्या हव्या होत्या. पत्र्याच्या दुकानांच्या रांगेंत एका दुकानीं पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. बोलतां बोलतां बाळापूर निघालें, नदीकांठची झोपडी निघाली, आणि कागदाच्या नळ्या गुंडाळणारा तो माझ्या वयाचा मुलगा हाच, हें मला कळलें. वडिलांच्या पश्चात् त्यांनीं दारू करण्याचें सोडलें. वर्षभर किराणा विकतात, दिवाळीस शिवकाशीचा माल आणतात. आमचें घर त्यांस आठवत होतें. त्या उन्हाळ्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत; मींहि नाहीं. नातीनें चार खोकीं निवडलीं, दोन भुईचक्रांचीं घेतलीं. हिशोब सहाशें रुपये झाला.

"तुमच्याकून कायचा पुरा भाव घ्याचा भाऊ," ते म्हणाले, "साडेपाचशे द्या."

मीं सहाशें पुढें केले. त्यांनीं ते मोजून घेतले, पन्नासाची नोट काढून माझ्या हातावर ठेविली, आणि खोकीं पिशवींत भरतांना नातीला म्हणाले, "बेटा, फुलबाजी हात लांब करून धरत जाय."